दर पावसाळ्यात परत येणारी ओल: जांभ्याच्या जुन्या घराच्या भिंती कमी खर्चात कशा सुधाराव्या

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. आजोबांच्या काळातलं जांभ्याचं घर, वाटणीत आलेलं किंवा अजून सामाईकच. मे महिन्यात रजा टाकून भिंती घासल्या, पुट्टी भरली, दुकानदाराने गळ्यात मारलेलं वॉटरप्रूफिंगचं डबडंही फासलं. गणपतीला कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर रंगाला कमरेपर्यंत फुगे, जमिनीलगत पांढरा लोणा, कपाटामागे काळी बुरशी आणि घरभर कुबट वास. पुढच्या मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. रंगाची कंपनी बदलते, गवंडी बदलतो, ओल मात्र तिथेच.

खाली लिहिलंय ते सिंधुदुर्गातल्या आमच्या सामाईक घराचं काम करताना हाती लागलेलं आहे. बजेट बेताचं होतं आणि ते एका अर्थी बरंच झालं. पैसा खुळखुळत असता तर आधी व्हिट्रिफाइड टाइल्स आणि पीओपी झालं असतं. माझं म्हणणं एवढंच: ओल दिसते आत, पण पाणी बहुतेक वेळा येतं बाहेरून. म्हणून पहिला खर्च माती, पागोळ्या आणि कौलं यांच्यावर करा. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी, तोही बहुधा पुढच्या वर्षी.

भिंत पूर्वी सुकायची कशी

जांभा सच्छिद्र दगड. चिऱ्यांमधल्या दरजा मातीच्या किंवा चुन्याच्या. जोत्यात ओल अडवणारा डीपीसीचा थर बहुतेक जुन्या घरांत नसतोच. ही भिंत पावसाळ्यात पाणी पिणार हे बांधणाऱ्याने गृहीतच धरलं होतं, त्याची सगळी भिस्त सुकण्यावर होती. बाहेर रुंद वळचण, आत शेणाने सारवलेली जमीन, भिंतींना चुन्याची सफेदी आणि रोज पेटणारी चूल. पाऊस संपून वारं फिरलं की भिंत हळूहळू कोरडी व्हायची.

मग सिमेंटचा गिलावा आला, त्यावर ऑइलपेंट, खाली टाइल्सचा पट्टा, जमिनीला कोबा. गॅस आल्यावर चूल विझली. मुलं मुंबई-पुण्याला गेली आणि घर वर्षातले दहा महिने बंद राहू लागलं. पाणी आत यायच्या वाटा होत्या तेवढ्याच राहिल्या, बाहेर पडायच्या वाटा बुजल्या. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर पाझर काही थांबत नाही, तो रंगाच्या मागे साचतो आणि रंगालाच फुगवतो. भिंतीचं तेच झालं.

शिवाय हे पाणी एकटं चढत नाही, क्षार घेऊन चढतं. जिथे सुकायला वाव मिळेल तिथे क्षारांचे खडे धरतात आणि वरचा थर ढकलून देतात. आमच्या माजघराच्या भिंतीवर नाण्याने टकटक केलं की हातभर पट्ट्यात पोकळ, ढब्ब आवाज यायचा. छिन्नी घातली तर इंचभर जाडीचा सिमेंटचा ढलपा अख्खा सुटून हातात आला. त्याच्या पाठीला जांभ्याची लाल माती चिकटलेली आणि तिच्यावर पांढऱ्या क्षारांची बारीक लव. मागचा चिरा नखाने खरवडला तरी भुगा पडत होता. सिमेंट टणकच्या टणक, आणि ज्याला वाचवायला ते लावलं तो दगड मऊ पडलेला.

पाणी कुठलं ते आधी ठरवा

गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला भिंत दाखवायला बोलावलं होतं. तो भिंतीकडे न बघता आधी घराला बाहेरून फेरी मारून आला आणि म्हणाला, "भाऊनू, पाणी खंयसून येता तां आदी बगा, रंग मगे काढा." त्याने केलं ते कोणालाही करता येतं आणि त्याला खर्च पेन्सिलीचा.

ओल जिथपर्यंत चढली आहे तिथे भिंतीवर रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. ऐन पावसात एकदा, दिवाळीत एकदा आणि मे महिन्यात एकदा. घर बंद असेल तर शेजारच्या काकूंना किंवा राखणदाराला फोटो काढायला सांगा. तीन रेघा हाती आल्या की अर्धं निदान झालं.

मे महिन्यातही एकाच ठिकाणी ओल असेल तर पावसाला बोल लावू नका. भिंतीपलीकडे मोरी, टाकी, नळाचा पाइप किंवा नंतर चिकटवलेलं संडास-बाथरूम असणार. रात्री टाकी भरा, सगळे नळ बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर पाइप किंवा टाकी गळतेय.

भिंतीच्या वरच्या अंगाला, वाशांच्या टोकांखाली तपकिरी ओघळ असतील तर दोष कौलांचा. खिडकीच्या कोपऱ्यांपासून सुरू झालेले डाग, तेही पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला, झड लागली की काही तासांत उमटणारे आणि चार दिवस उघडीप मिळाली की फिके पडणारे, ते भिंतीवर थेट आपटणाऱ्या पावसाचे. आणि जमिनीपासून जवळपास सरळ आडव्या रेषेत, हात-दीड हात किंवा फार तर कमरेइतकी उंच, दिवाळीतही जागची न हललेली आणि वरच्या कडेला लोणा धरलेली ओल असेल तर ती जमिनीतून चढते आहे.

राहिली हवेतली ओल. कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली काळी बुरशी, पण भिंत हाताला फारशी ओली लागत नाही. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली. एकाच भिंतीत यातल्या दोन-तीन भानगडी एकत्र नांदत असतात, त्यामुळे एक सापडली म्हणून थांबू नका.

सर्वांत मोठा दोषी: बाहेरची माती

घर बांधलं तेव्हा जोतं चांगलं दोन-अडीच फूट उंच होतं. नंतर दर पावसाळ्यात मागच्या उतारावरून माती वाहून आली, जास्वंद-अबोलीसाठी भर घातली, समोरचा रस्ता डांबराचे थर चढत चढत वर आला, खळ्याला सिमेंट झालं. आज बाहेरची माती आणि आतली जमीन जवळजवळ एका पातळीत आहे. जोत्याचा जो भाग वाऱ्यावर सुकायचा तो जमिनीत गाडला गेला. हे इतकं हळू घडतं की घरात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

पातळी मोजायला पारदर्शक नळी पुरते. तिच्यात पाणी भरून एक टोक आत, एक बाहेर धरा. गवंड्याकडे लेव्हल पाइप असतोच. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा किमान सहा-आठ इंच खाली हवी, फूटभर मिळाली तर उत्तम. माती त्याहून वर आलेली असेल तर ती काढणं हेच तुमचं पहिलं काम. याला साहित्य लागत नाही, फक्त मजुरी लागते, आणि मला विचाराल तर संपूर्ण नूतनीकरणात इतका वसूल होणारा दुसरा खर्च नाही.

काढताना मात्र घाई नको. जुन्या घरांचे पाये उथळ असतात. चारही बाजू एकदम उघड्या करू नका. चार-पाच फुटांच्या टप्प्यांत काम करा आणि पायाच्या दगडाखाली कुदळ जाऊ देऊ नका. जेसीबीवाला तासाभरात करून देतो म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. काम एप्रिलपर्यंत आटपलेलं हवं, मिरगाच्या तोंडावर उघडा पडलेला पाया म्हणजे संकटाला आमंत्रण.

भिंतीपासून पहिल्या तीन-चार फुटांत दोन-तीन इंचांचा उतार बाहेरच्या दिशेने द्या. इथे लोक भिंतीला चिकटून सिमेंटची पट्टी ओततात. दिसायला स्वच्छ, पण तिच्याखालची ओली माती वर सुकू शकत नाही आणि पाणी भिंतीची वाट धरतं. त्यापेक्षा खडीची पट्टी बरी. गवत उगवतं, ते उपटावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

घर उताराला टेकून किंवा कातळावर असेल तर आणखी एक काम वाढतं. कातळात पाणी फारसं मुरत नाही. वरच्या पातळ मातीतून ते कातळाच्या पाठीवरून सरकत येतं आणि तुमच्या मागच्या भिंतीला अडतं. अशा वेळी वरच्या अंगाला, भिंतीपासून पाच-सहा फूट लांब, चर मारून पाणी आडवं वळवावं लागतं. तळाशी खडी, त्यावर छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप, पुन्हा खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून भोवती जिओटेक्स्टाइलचं कापड. दर दहा फुटांना इंचभर उतार पुरतो. पैसे नसतील तर नुसता उघडा चर मारा आणि दर वर्षी आगोटीला साफ करा, तोही काम देतो.

चराचं तोंड कुठे काढायचं, हा खरा पेच. आमचं निघालं चुलतभावाच्या आगरात. काम सुरू करण्याआधी काकांना विचारलं, पाणी पोफळींच्या मुळाशी न साचता पुढे व्हाळाला जाईल असा पाइप वाढवून दिला आणि विषय गोडीत मिटला. न विचारता खणलं असतं तर चर राहिला असता बाजूला आणि तंटा पुढच्या पिढीला गेला असता. याच ओघात सांगतो: सामाईक घरावर खर्च करत असाल तर बिलांचे फोटो भावंडांच्या ग्रुपवर वेळच्या वेळी टाका, आणि मोठ्या कामाआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर आपलं नाव आहे म्हणून घर आपलं, या भरवशावर लाख रुपये ओतू नका. तो उतारा घरपट्टीसाठी असतो, मालकीचा पुरावा म्हणून नव्हे.

पागोळ्या आणि कौलं

कोकणात मोसमात तीन हजार मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. हजार चौरस फुटांच्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी. हे सगळं पागोळ्यांनी जोत्यालगत पडतं आणि चिखलासकट भिंतीवर उडतं. बाहेरून खालच्या फूट-दीड फुटाला हिरवं शेवाळ दिसतं ते यामुळेच. पीव्हीसीची पन्हळ लावून पाणी एका टोकाला न्यावं. तेवढी ऐपत नसेल तर पागोळीच्या रेषेत फूटभर रुंद खडी टाका, उडणारं पाणी बरंच कमी होतं.

कौलं तपासायची तर दुपारी माळ्यावर चढा, खिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने वाशावर खूण करा. फणस-आंब्याचा पालापाचोळा कौलांच्या खाचांत अडकला तरी पाणी उलटं चढतं, कौल फुटलेलं असायलाच हवं असं नाही. वानरांचा त्रास असेल तर शाकारणी करूनही पावसाळ्याआधी एक फेरी लागतेच. दोन पाख्यांमधली पत्र्याची पन्हळ आधी बघा, ती गंजली असेल तर बाकी सगळं छप्पर ठाकठीक असून उपयोग नाही.

कौल बदलताना आणखी एक अडचण येते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात काढला, आणि नंतर अनेक कारखाने निघाले. एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असं नाही. तेव्हा आपल्या कौलाच्या पाठीवरचा छाप वाचून ठेवा आणि जवळपास कुठे जुनं घर पाडत असतील तर तशीच कौलं उचलून आणा. मेळ न बसणारी नवी कौलं मागच्या पडवीवर एकत्र चढवा आणि तिथली जुनी मुख्य पाख्यावर घ्या. फटीत सिमेंटचा गोळा थापू नका, पहिल्या उन्हाळ्यात तो तडकतो आणि पाणी धरून ठेवतो.

पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी पावसाळाभर झापांच्या झडी बांधायचे. आजही नारळाच्या झावळ्या घरच्या असतील तर याहून स्वस्त उपाय नाही. निळी ताडपत्री मारायची तर भिंतीपासून हातभर लांब, मागून वारा खेळेल अशी.

गिलावा उतरवा आणि मग वाट बघा

ज्या पट्ट्यात पोकळ आवाज येतो तिथला सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढा. हे काम हातानेच, छिन्नी-हातोडीने करा; ब्रेकरच्या हादऱ्याने मऊ चिरे फुटतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. मग मातीच्या दरजा मातीने, चुन्याच्या चुन्याने भरून भिंत उघडीच ठेवा.

किती दिवस? भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. जांभ्याची भिंत नऊ ते पंधरा इंचांची, म्हणजे ऑक्टोबर ते मे हा एक कोरडा हंगाम तरी द्यावाच लागतो. पाहुण्यांसमोर भिंत वाईट दिसते, आत्या विचारतात "पैसे संपले की काय?" त्यांना हसून चहा द्या. बेताच्या बजेटला ही सक्तीची विश्रांती सोयीचीच असते: पहिल्या वर्षी माती, चर, कौलं; दुसऱ्या वर्षी गिलावा आणि सफेदी. कर्ज न काढता निभतं.

दुसऱ्या पावसाळ्यात रेघ खाली आली तर दिशा बरोबर आहे. पूर्ण नाहीशी होईल अशी अपेक्षा धरू नका, जांभा आहे तो.

चुन्याचं काम

गिलाव्यासाठी एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, त्यात बारीक कापलेला काथ्या किंवा ताग. पोत्यातली चुन्याची पूड आणली तरी ती पिंपात पाण्याखाली दोन-तीन आठवडे भिजू द्या. कळीचा चुना विरवत असाल तर चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उसळतो आणि डोळ्यांत गेला तर इजा मोठी होते. चष्मा, हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.

वाळूच्या बाबतीत खरी फसगत होते. खाडीची वाळू स्वस्त मिळते, पण ती खारट. लोणा घालवायला भिंत खरवडायची आणि वाळूतून नवं मीठ आणून भरायचं, असा प्रकार होतो. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. क्रशरची वाळू थोडी महाग पडली तरी तीच घ्या. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही वापरू नका.

थर पातळ द्या, अर्ध्या इंचाच्या आतच. एक आवळला की दुसरा. आठवडाभर गोणपाट ओलं करून सावलीत ठेवा. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला सिमेंटची घाई नसते. हे काम दिवाळीनंतर करा, भर उन्हात किंवा पावसाच्या तोंडावर नको. वर पातळ चुन्याची सफेदी, तीन-चार हात.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत नसेल तर एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू असं कमजोर मिश्रण चालवून घ्या. वारसा जपणारे नाक मुरडतील, पण निव्वळ सिमेंटपेक्षा ते कितीतरी बरं. भिंत मातीची असेल तर तेही नको, तिला भाताचा तूस घातलेला मातीचाच लेप द्या. आणि जांभा चांगला घडीव असेल तर गिलावाच करू नका. दरजा भरा आणि चिरा उघडा राहू द्या. थोडी धूळ झडते, झाडायची. फक्त चमक यावी म्हणून त्याच्यावर वॉर्निश मारू नका.

ठेकेदार काय सुचवेल

जोत्यालगत भोकं पाडून रसायन भरायचा उपाय सुचवला जाईल. सलग, एकजिनसी विटांच्या भिंतीत त्याचा काही उपयोग होऊ शकतो. आपल्या भिंतीच्या पोटात माती आणि डबर. रसायन वाट फुटेल तिकडे जातं, सलग थर बनत नाही, आणि बिल फुटाच्या हिशेबाने येतं. खालच्या चार फुटांना टाइल्स लावायचा सल्ला तर हमखास मिळतो. टाइल्समागे ओल चढत राहते आणि वर्षा-दोन वर्षांत टाइल्सच्या वर डोकावते. पीओपी आणि जिप्समची पुट्टी ओल्या भिंतीवर भुसभुशीत होते. दहा वर्षांची गॅरंटी कोणी देत असेल तर एकच विचारा: गॅरंटी कोटिंगची की कोरड्या भिंतीची? हे लेखी मागितलं की बोलणं बदलतं.

फरशी बदलायचीच असेल तर आधी खडीचा जाड थर घाला आणि भिंतीलगत दोन-तीन इंचांची पट्टी खडीचीच मोकळी सोडा. नाहीतर जमिनीची ओल बऱ्याचदा कडेला सरकून भिंतीत घुसते.

घर बंद असताना

कपाटं, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा. खिडक्यांच्या वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते उघडे ठेवा. छताखाली फॉल्स सीलिंग करू नका. वारा कोंडतो आणि वाशांना वाळवी लागली तरी कळत नाही. चूल पेटती असताना धुराने लाकडाला कीड कमी लागायची, आता ते राखण नाही, म्हणून चौकटींचे पाय आणि भिंतीत शिरलेली वाशांची टोकं दर वर्षी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पावसाळ्यात कोणीतरी आठवड्यातून एकदा, उघडीप असेल तेव्हा, दारं-खिडक्या तासभर उघडील अशी व्यवस्था करा. त्यासाठी महिना काही रक्कम द्यावी लागली तरी ती रंगाच्या खर्चापेक्षा कमीच पडेल.

इथे थांबा

भिंतीला तिरकी भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर मोजून ठेवा. पावसाळा सरल्यावर अंतर वाढलेलं दिसलं, भिंत ओळंब्यात नसली किंवा पोट काढून उभी असली, वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला, तर वर लिहिलेलं काहीही करू नका, मातीला हातही लावू नका. आधी बांबू किंवा स्टीलच्या प्रॉप्सचा टेकू द्या, आणि नवे बंगले बांधणाऱ्यापेक्षा जुन्या चिऱ्याच्या घरांत काम केलेला इंजिनिअर शोधून त्याची फी द्या.